उरलेले पाच महिने

(दृश्य: रिकामं होत आलेलं घर. पुठ्ठ्याची खोकी, गुंडाळलेली गादी. भिंतीवर जिथे फ्रेम होती तिथे फिकट चौकोन.)

करार संपायला अजून ५ महिने आहेत. नोकरी मात्र दुसऱ्या शहरात लागली आहे आणि पुढच्या महिन्यापासून तिकडच्या घराचंही भाडं सुरू होणार आहे. करार मधेच मोडला तर डिपॉझिट जाईल, कदाचित उरलेल्या महिन्यांचं भाडंही मागितलं जाईल. मग एकच वाट उरते. आपल्या जागी कुणीतरी शोधायचं आणि उरलेला करार त्याच्याकडे सोपवायचा. घर झाडून-पुसून फोटो काढले. जाहिरात टाकली.

पहिला निरोप २० मिनिटांत आला.

"घर खूप आवडलं. मी सध्या परदेशात आहे, त्यामुळे बघायला येता येणार नाही. पण फोटो पुरेसे आहेत. पैसे आजच पाठवू का?"

दोन-दोन घरांचं भाडं डोक्यावर असलेल्या माणसाला असा निरोप वाचून हायसं वाटतं. मला वाटलं होतं. ही फिल्म करायला घेतली ती त्या हायसं वाटण्यामुळेच.

(दृश्य: मोबाइलवर एकामागून एक उमटणारे निरोप. नावं धूसर केलेली.)

खोटा मालक बनून भाडेकरूला फसवतात, हे आपण पुष्कळ ऐकलेलं असतं. उलट बाजूची गोष्ट कमी सांगितली जाते. घर सोडणाऱ्याला वाटतं, मी कुठे कुणाला पैसे देतोय, मला तर मिळणार आहेत. मग माझं काय जाणार? सावधपणा सुटतो तो इथेच.

माझ्या बाबतीत चेक आला. ठरलेल्या रकमेपेक्षा बराच मोठा. "कंपनीनेच जास्तीचा काढलाय," तो म्हणाला, "तुमचे पैसे ठेवा आणि उरलेले माझं सामान आणणाऱ्या माणसाला पाठवून द्या." मी चेक भरला. दोन दिवसांनी खात्यात रक्कम दिसली. रक्कम दिसली म्हणजे चेक वटला, असंच मी धरून चाललो आणि उरलेले पैसे त्या सामानवाल्याला पाठवले. ९ दिवसांनी चेक खोटा निघाला आणि चेकची सगळी रक्कम खात्यातून परत वळती झाली. मी पाठवलेले पैसे मात्र माझ्या खिशातून गेले होते, ते गेलेच.

हे कसं होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. चेक भरल्यावर काही ठिकाणी बँक ती रक्कम खात्यात आधी दाखवते, वापरूही देते. पण चेक ज्या बँकेचा आहे तिथून खरं-खोटं कळायला आणखी दिवस लागतात, कधी कधी आठवडे. खात्यात दिसणं आणि चेक खरोखर वटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधल्या त्या चार-आठ दिवसांवरच हा सगळा धंदा उभा आहे. म्हणून समोरचा घाई करतो. "सामानवाला उद्या निघतोय, आजच पाठवा." ही घाई त्याला करावीच लागते, कारण चेक परत येण्याच्या आत त्याचं काम उरकायला हवं.

येणाऱ्याने जास्त पैसे पाठवले तर ते परत पाठवायचेच नाहीत. चेक असेल तर बँकेत स्वतः जाऊन सांगायचं आणि योग्य रकमेचा नवा व्यवहार मागायचा. खऱ्या माणसाची यात काही अडचण होत नाही.

चेकऐवजी कधी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट येतो. किंवा ईमेल येतो, की रक्कम अडकली आहे, सोडवण्यासाठी आधी थोडे पैसे भरा. पैसे आले की नाही ते आपल्या खात्यात बघायचं, त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये नाही.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर ६ अंकी कोड. बोट त्यावर थबकलेलं.)

आणखी एक चाल अगदी निरुपद्रवी दिसते. "आजकाल खोट्या जाहिराती फार असतात. तुम्ही खरे आहात ना, एवढी खात्री करायची आहे. एक कोड पाठवलाय, तो सांगा." फसवणारा स्वतःच आपल्याला फसवणुकीबद्दल सावध करतो! तो कोड आपली खात्री करण्यासाठी नसतोच. आपल्या नंबरावर कुणीतरी खातं उघडत असतं, नाहीतर आपल्याच एखाद्या खात्याचा पासवर्ड बदलत असतं. घर बघायला येणाऱ्याला कोड लागत नाही, पत्ता लागतो.

(दृश्य: दार. बाहेरून बेल वाजते.)

आता जे सांगतोय ते मला सगळ्यात जास्त छळतं, कारण त्यात आपल्यामुळे तिसऱ्याच कुणाचं नुकसान होतं.

आपण टाकलेले फोटो कुणीही उचलू शकतं. तेच फोटो, तेच वर्णन, फक्त भाडं बरंच कमी आणि फोन नंबर वेगळा. अशी दुसरी जाहिरात उभी राहते. घराच्या शोधात दमलेलं कुणीतरी तिथे टोकन भरतं, कधी सगळं डिपॉझिट भरतं, आणि ठरल्या तारखेला बॅगा घेऊन आपल्या दाराशी येतं. आपण दार उघडतो. त्यांच्या हातात करार असतो, त्यावर आपल्या मालकाचं नावही असतं. ते नाव त्यांच्याकडे कसं पोचलं? पुष्कळदा आपणच दिलेलं असतं. "एकदा अ‍ॅग्रीमेंटची प्रत पाठवा, वाचून घेतो," असं कुणीतरी म्हणालेलं असतं आणि आपण सही, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक यांच्यासकट सगळी पानं पाठवून दिलेली असतात.

जाहिरातीत घराचा क्रमांक आणि दाराचा फोटो टाकू नये. फोटोंच्या मधोमध आपलं नाव उमटवावं, कोपऱ्यात नको, कोपरा कापता येतो. करार दाखवायचाच तर सह्या आणि क्रमांक झाकून, शक्यतो समोर बसून. आणि अधूनमधून आपलेच फोटो इंटरनेटवर शोधून बघावेत. मी ते फार उशिरा शिकलो.

(दृश्य: दोन खुर्च्या, मधे टेबल. तिसरी खुर्ची ओढून आणली जाते.)

मग माणूस ओळखायचा कसा? लांबून विचारणारा प्रत्येक जण लबाड नसतो. नव्या गावी शिकायला किंवा कामाला जाणाऱ्याला आधी येऊन घर बघणं खरंच जमत नाही. पण तो प्रश्न विचारतो. पाणी कसं आहे, रात्री आवाज येतो का, वीजबिल कुणाच्या नावावर, डिपॉझिट शेवटी कुणाकडून परत मिळणार. त्याला तिथे राहायचं असतं. लबाडाला घराबद्दल काहीच विचारायचं नसतं, त्याचं सगळं बोलणं पैशाभोवती फिरतं. व्हिडिओ कॉलवर घर दाखवावं, त्याच कॉलवर त्याचा चेहराही बघावा. नोकरीची खात्री करायची तर कंपनीचा नंबर आपण शोधून फोन करावा, त्याने दिलेला नंबर कदाचित त्याच्या मित्राचा असेल.

आणि तिसरी खुर्ची घरमालकाची. आपल्यातले पुष्कळ जण मालकाला सगळ्यात शेवटी सांगतात, "माणूस मिळाला की बघू" म्हणून. मी ती बोलणी पहिल्याच दिवशी करा असं हात जोडून सांगेन. मालकाला कळवून लेखी परवानगी घेतली, की येणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगता येतं: अर्ज मालकाकडे करा, डिपॉझिट मालकाकडे भरा. हे ऐकून कितीतरी निरोप तिथेच थांबतात.

यात कायद्याचाही मुद्दा आहे. पोटभाडेकरू ठेवला तर मूळ करार आपल्याच नावावर राहतो. त्याने भाडं बुडवलं, मोडतोड केली, तरी मालक आपल्याला धरणार. करार दुसऱ्याच्या नावावर केला तरी आपण आपोआप सुटतोच असं नाही. "अमुक तारखेपासून जुन्या भाडेकरूवर कोणतीही जबाबदारी नाही" हे वाक्य मालकाच्या सहीनिशी कागदावर हवं. तोंडी "काळजी करू नका" चालत नाही.

पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला फोन, मग पोलीस. निरोप पुसू नका, राग आला तरी.

(दृश्य: तेच रिकामं घर. तिघं जण उभे आहेत.)

दुसऱ्यांदा मला माणूस मिळायला ३ आठवडे लागले. ती घर बघायला दोनदा आली, दुसऱ्या वेळी बहिणीला घेऊन. मालकाने तिचे कागद तपासले, तिने डिपॉझिट त्यांच्या खात्यात भरलं, आणि रक्कम जमा झाल्याचं बँकेकडून कळल्यावरच आम्ही किल्लीचा दिवस ठरवला. मीटरचं रीडिंग तिघांनी मिळून लिहिलं. स्वयंपाकघरातल्या फुटक्या टाइलचा फोटो काढला. मालकांनी त्या वाक्याखाली सही केली, मी किल्ल्या मोजून तिच्या हातात दिल्या.

जिना उतरता उतरता मी फोन काढला आणि जाहिरात काढून टाकली.