मॅलमची फेरी : पाणी बघून वाट धरा

मंडळी, सह्याद्रीत भटकलेल्या माणसाच्या डोक्यात भटकंती म्हणजे चढाई असते. किल्ला गाठायचा, माथ्यावर जायचं आणि बहुतेक वेळा आल्या वाटेनेच उतरायचं. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशर डेल्समध्ये ही सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. तिथे फेरी घालतात. गावातून निघायचं, ओढ्याच्या काठाने, राईतून, घळीतून वर पठारावर जायचं आणि दुसऱ्याच बाजूने पुन्हा त्याच गावात उतरायचं. डोंगरमाथा वाटेत आला तर आला, नाही तर नाही.

'डेल' या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तो म्हणजे खोरं. नुसती दरी नव्हे. नदी, तिच्या काठची गावं, शेतं, कुरणं आणि वरचे सडे हे सगळं मिळून जे होतं ते. हा शब्द इथे रुजला तो मुख्यतः नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांमुळे. त्यांचे आणखी काही शब्द माहीत असले की नकाशा बोलायला लागतो. 'बेक' म्हणजे ओढा, 'फॉस' म्हणजे धबधबा, 'टार्न' म्हणजे डोंगरातलं तळं, 'स्कार' म्हणजे उघडा कातळकडा.

आज एकाच फेरीबद्दल बोलणार आहे, मॅलम गावच्या. यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यान १९५४ साली झालं आणि मॅलम त्याच्या दक्षिण भागात आहे. पूर्ण फेरी साधारण १२ किलोमीटरची, तळं वगळून छोटी केली तर ८ किलोमीटरची. यात एक धबधबा आहे, एक घळ, एक तळं, एक कोरडी दरी आणि ८० मीटर उंचीचा एक कडा. पण फेरी समजून घ्यायची तर या ठिकाणांची यादी पुरत नाही. इथलं पाणी कुठून येतं, कुठे लपतं आणि कुठे परत निघतं हे कळलं, तरच कुठल्या दिशेने चालायचं आणि कुठे माघार घ्यायची हे कळतं.

कारण हा खडक आपला नाही. सह्याद्री बेसॉल्टचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या अंगावरून पाणी धावतं, म्हणून पावसाळ्यात प्रत्येक कड्यावर धार लागते. मॅलमचा खडक चुनखडीचा, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेला. मातीतून झिरपताना पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडीच्या भेगा विरघळवत रुंद करतं. हजारो वर्षांत त्या भेगांचे भुयारी मार्ग झाले. त्यामुळे तिथे धो धो पाऊस पडूनही पठार कोरडंच राहतं आणि भलत्याच ठिकाणी जमिनीतून अख्खा ओढा बाहेर पडतो.

फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट घालावी. म्हणजे आधी पूर्वेला जॅनेट्स फॉस आणि गॉर्डेल स्कार, मग उत्तरेला टार्न, आणि शेवटी वॉटलोजच्या कोरड्या दरीने उतरून मॅलम कोव्ह, म्हणजे तो ८० मीटरचा कडा. याला ठोस कारण आहे. गॉर्डेलमध्ये धबधब्याच्या बाजूने हातपाय वापरून कातळ चढावा लागतो. चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात. उतरताना पाय ओल्या खडकावर चाचपत ठेवावे लागतात, आणि नवखे तिथेच अडकतात. फेरी काट्यांच्या दिशेने घेतली तर हा टप्पा दमल्यावर, उतरताना आणि दिवसाच्या शेवटी येतो. कोव्ह आधी बघायचा मोह आवरावा, तो शेवटीच जास्त उलगडतो.

गावातून निघताना ओढ्यावरचा छोटा पादचारी पूल ओलांडून उजवीकडे वळायचं. कुरणांतून जाणारी वाट बांधलेली आहे. पुढे ती डावीकडे वळून गॉर्डेल बेकच्या काठाने राईत शिरते. एप्रिल-मे महिन्यांत इथे जमिनीवर रानलसणीची पांढरी फुलं पसरलेली असतात आणि वास नाकात बसतो. सुमारे दोन किलोमीटरवर जॅनेट्स फॉस. उंची काही मोठी नाही, आपल्याकडच्या धबधब्यांसमोर तो लहानच वाटेल. पण पाणी ज्या फुगीर दगडी पडद्यावरून पडतं तो पडदा नीट बघा. तो झिजून झालेला नाही, साचून झालेला आहे. चुना विरघळवून आलेलं पाणी इथे फुटतं, त्यातला वायू उडून जातो आणि चुना शेवाळावर बसतो. या ठिसूळ दगडाला तिथे टूफा म्हणतात. धबधबा खडक खातो असं आपण धरून चालतो, इथे तो खडक घडवतो आहे. म्हणून त्यावर चढू नये. खालच्या डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत असत.

इथेच पाण्याचा पहिला अंदाज घ्यायचा. पाणी स्वच्छ असेल आणि पडद्याचा काही भाग उघडा दिसत असेल, तर गॉर्डेलची चढण बहुधा जमेल. पाणी तपकिरी असेल, पडदा संपूर्ण झाकून धबाबा कोसळत असेल, तर वरची चढण पाण्याखाली असणार हे धरूनच पुढे जावं.

राईतून वर आलं की डांबरी रस्ता लागतो. उजवीकडे थोडं चालून पूल ओलांडला की डावीकडच्या फाटकातून सपाट कुरणात शिरायचं. समोर कडे जवळ येत जातात. वळण घेईपर्यंत धबधबा दिसत नाही, आणि मग एकदम शंभर मीटरच्या आसपास उंचीच्या, वर जाऊन आत झुकलेल्या भिंतींमध्ये माणूस उभा असतो. जेम्स वॉर्ड या चित्रकाराने १९व्या शतकाच्या सुरुवातीला या घळीचं भलंमोठं तैलचित्र केलं, ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. वरचा धबधबा कातळातल्या एका भोकातून बाहेर पडतो, तेही नीट बघावं.

खालच्या धबधब्याच्या मधोमध टूफाचा एक उंचवटा आहे. चढायची वाट तिथून, पाण्याच्या डाव्या अंगाने. चढण काही मीटरचीच. दोर लागत नाही, पण दोन्ही हात मोकळे हवेत. काठ्या मिटवून पाठपिशवीला बांधा, फोन खिशात टाका, पट्ट्याला लटकणारी बाटली आत ठेवा. एका वेळी एकच माणूस चढू दे. पकडी मोठ्या आहेत, मात्र हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत. ओल्या असल्या की त्यांवर रबरी तळवाही घसरतो. इथे चूक होते ती अशी: पहिलं पाऊल सोपं जातं, दुसऱ्याला पाणी अंगावर येतं, माणूस घाबरून डावीकडे सैल मुरमाच्या उतारावर जातो आणि खालच्यांच्या डोक्यावर दगड सोडतो. शंका आली की पहिल्या पावलाआधीच परत फिरा. लहान मुलं, गुडघ्यांचा त्रास असलेले आईवडील किंवा कुत्रा बरोबर असेल तर चढायचा विचारच नको.

माघार घेतली तरी फेरी मोडत नाही. पुलापाशी परत या. तिथून दोन वाटा आहेत. एक वाट पलीकडच्या कुरणांतून चढत मॅलम रेक्सच्या रस्त्याला आणि पुढे थेट कोव्हच्या माथ्यावर जाते. हीच ८ किलोमीटरची छोटी फेरी. दुसरी म्हणजे गॉर्डेल लेनने रस्ता धरून वर चढायचं आणि मॅस्टाइल्स लेन गाठून तळ्याकडे वळायचं. मॅस्टाइल्स लेन ही मध्ययुगात फाउंटन्स मठाच्या साधूंची मेंढ्या हाकायची वाट. दोन्ही बाजूंना दगडी भिंती असल्याने धुक्यातही ती सुटत नाही.

भिंतींवरून आठवलं. या भिंतींत चुना-सिमेंट काही नसतं. दोन बाजूंनी दगड रचत न्यायचे, मधे बारीक चिपा भरायच्या, ठराविक उंचीवर दोन्ही बाजू बांधणारे आडवे लांब दगड घालायचे आणि वर उभ्या दगडांची रांग बसवायची. वरचा एक दगड निसटला की पाणी आत शिरून गोठतं आणि दोन-चार हिवाळ्यांत भिंतीला खिंडार पडतं. म्हणून भिंतीवर चढून पलीकडे जाऊ नये. ओलांडायला जागा करून ठेवलेल्या असतात: कुठे भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या, कुठे माणूस जेमतेम निघेल एवढी फट, कुठे लाकडी शिडी. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं, उघडं असेल तर उघडं. कदाचित शेतकऱ्याने मेंढ्यांना पाण्याकडे जाता यावं म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.

ही शेतं खासगी आहेत, तरी आपण त्यांतून हक्काने चालतो. १९४९च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांची अधिकृत नोंद करणं बंधनकारक झालं, आणि २०००च्या कायद्याने मोकळ्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क दिला. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा ओएल २ क्रमांकाचा नकाशा सोबत घ्या. त्यावर पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात आणि प्रत्येक शेताची भिंतही असते. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. फोनवर नकाशा असला तरी कागद हवा, थंडीत फोनची बॅटरी लवकर बसते. मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यावरच ठेवायचा, तो पक्ष्यांच्या विणीचा काळ. वासरांसह गायी दिसल्या तर कळपामधून न जाता लांबून वळसा घ्या. गाय कुत्र्यावर चाल करून आली तर पट्टा सोडून द्या, कुत्रा निसटतो, माणूस तुडवला जातो.

गॉर्डेल चढून गेलं की पठार. इथून तळ्यापर्यंत चाल सोपी, वारा मात्र झोंबतो. मॅलम टार्न समुद्रसपाटीपासून ३७७ मीटरवर आहे. सगळीकडे पाणी मुरत असताना हे तळं कसं टिकलं? तळ्याखाली चुनखडी नाही, तिथे जुनी पाटीच्या जातीची, पाणी न सोडणारी शिळा आहे. वर हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा बांध आहे. तळ्यातून निघालेला ओढा रस्त्याखालून जातो आणि अर्ध्या किलोमीटरच्या आसपास चुनखडीला टेकतो. तिथे तो गडप होतो. मोठं विवर वगैरे नाही. दगडगोट्यांमध्ये पाणी कमी कमी होत जातं आणि दहा पावलांवर पात्र कोरडं. नकाशावर त्या जागेचं नाव वॉटर सिंक्स.

पुढे वॉटलोज. हिमयुगात जमिनीखालच्या भेगा गोठून बंद होत्या, म्हणून पाणी वरून वाहिलं आणि त्याने ही दरी कोरली. जमीन वितळली, पाणी खाली गेलं, दरी कोरडी राहिली. उतार सुरू होतो तिथे वाट दगडी आणि तीव्र आहे, गुडघ्यांना जपा. खाली सपाटीला आलं की समोर कोव्हच्या माथ्यावरची चुनखडीची फरशी येते. राखाडी लाद्या, मधे खोल चिरा. लाद्यांना 'क्लिंट' आणि चिरांना 'ग्राइक' म्हणतात. चिरांत वाकून बघा. वाऱ्यापासून आणि मेंढ्यांच्या तोंडापासून वाचलेले नेचे आणि राईतली फुलझाडं तिथे जगतात. हा खडक पूर्वी बागांसाठी उचलून नेत, आता त्याला १९८१च्या कायद्याचं संरक्षण आहे.

सगळ्या फेरीत घोटे मुरगळतात ते इथेच, कारण सगळ्यांचे डोळे समोरच्या देखाव्यावर असतात. नियम एकच: चालताना पायाकडे, बघताना थांबून. ओल्या लादीवर टाच न टेकता पूर्ण तळवा टेकवा. कड्याच्या काठाला कठडा नाही. धुकं असेल तर काठाकडे जाऊच नका, उजव्या हाताला, पश्चिमेकडे सरकत पायऱ्यांचं तोंड शोधा. त्या सुमारे ४०० पायऱ्या कड्याच्या पायथ्याशी सोडतात. पेनाइन वे ही १९६५ साली खुली झालेली लांब पल्ल्याची वाटही इथूनच जाते.

पायथ्याला कातळाखालून मॅलम बेक गुपचूप बाहेर येतो. बघणारा साहजिकच म्हणतो, तळ्याचं पाणी हेच. पाण्यात रंग सोडून केलेल्या चाचण्यांनी दाखवलं की तसं नाही. इथलं पाणी मुख्यतः पश्चिमेकडच्या दुसऱ्याच एका विवरातून येतं. कड्यावरून मात्र एरवी पाणी पडत नाही, भुयारं सगळं पिऊन टाकतात. अपवाद एकच: ६ डिसेंबर २०१५ला डेझमंड वादळाच्या पावसाने भुयारं तुडुंब भरली आणि काही तास या कड्यावरून धबधबा कोसळला. आज हयात असलेल्या कुणाच्या आठवणीत तसं आधी झालेलं नव्हतं. वसंतात कड्यावर बहिरी ससाणे घरटी करतात, दुर्बीण असेल तर आणा.

आता वेळेचा हिशेब. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये दिलेला नियम आजही चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किलोमीटर आणि साधारण ३०० मीटर चढ म्हणजे तीन तासांना जरा कमी. पण हे न थांबता चालणाऱ्याचं गणित. खाणं, फोटो आणि गॉर्डेलमधली रांग धरून पाच तास ठेवा. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे नऊच्या पुढे निघू नका. जूनमध्ये साडेनऊनंतरही उजेड असतो. जलरोधक जाकीट, एक जादा गरम थर, घोटा धरणारे बूट, डोक्याचा दिवा, शिट्टी एवढं हवंच. अपघात झाला तर ९९९वर फोन करून आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. फोन लागला नाही तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा. गाडी असेल तर गावातल्या पैसे देऊन लावायच्या वाहनतळावरच लावा, अरुंद रस्त्यावर लावलेल्या गाड्यांमुळे ट्रॅक्टर अडतात. रेल्वेने स्किप्टनला उतरून बस मिळते, पण फेऱ्या मोजक्या, परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

गावात परत आल्यावर अर्धा तास उरला तर चहाला बसण्याआधी ओढ्याच्या काठाने दक्षिणेला पाऊण किलोमीटर चाला. कुरणाच्या कडेला, कुठलाही कडा नाही अशा सपाट जागी, जमिनीतून पाणी उमळून वर येतं. या जागेला एअर हेड म्हणतात. सकाळी वर पठारावर दगडगोट्यांत गडप होताना पाहिलेलं तळ्याचं पाणी मुख्यतः इथे निघतं, आणि पुढे लीड्स शहरातून वाहणारी एअर नदी होतं.