एवढा अंधार कशाला?

जुन्या पुस्तकांच्या, चित्रांच्या प्रदर्शनात शिरलं की पहिली दोन मिनिटं काही धड दिसतच नाही, आणि मागून कोणीतरी पुटपुटतंच, अहो जरा लाइट तरी लावा.

पण हा अंधार मुद्दाम केलेला असतो. हस्तलिखितं, जलरंग, हाताने रंगवलेली छापील चित्रं, यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड पाडायचा असा म्युझियमवाल्यांचा जुना दंडक आहे, म्हणजे चांगल्या ऑफिसमधल्या टेबलावर असतो त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. आणि हे साठत जातं बरं का, मधे वर्षभर कपाटात ठेवलं म्हणून आधी उडालेलं भरून निघत नाही.

एडिनबर्गच्या नॅशनल गॅलरीकडे टर्नर या इंग्लिश चित्रकाराची ३८ जलरंग चित्रं आहेत, १९०० साली हेन्री व्हॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्रातून आलेली, आणि त्याची अटच होती की ही फक्त जानेवारीत दाखवायची. तिकडे जानेवारीत ऊन अगदीच मरगळलेलं, म्हणून. आता दिवे, फिल्टर सगळं आलं, तरी जानेवारीची प्रथा चालू आहे. मला तर हा माणूस फार आवडतो.

पुस्तकाचं दुखणं अजून वेगळं. चित्र भिंतीवर टांगलं की पूर्ण दिसतं, पुस्तक काचेच्या पेटीत ठेवलं की दिसणार समोरासमोरची दोन पानं, बस. शिवाय ते सपाट उघडत नाहीत, बांधणीवर ताण येतो, म्हणून खाली त्याच्याच मापाचा उतरता आधार करतात.

ऑड्युबॉन या पक्षी रंगवणाऱ्या चित्रकाराचं अमेरिकेतल्या पक्ष्यांचं पुस्तक घ्या, १८२७ ते १८३८ मध्ये छापलेलं. पान जवळपास मीटरभर उंच, कारण त्याला प्रत्येक पक्षी खऱ्या आकारात हवा होता, आणि फ्लेमिंगो तेवढ्यातही मावेना म्हणून त्याची मान खाली जमिनीपर्यंत वाकवलीय! प्रदर्शनात पेटीशेजारी ठेवलेल्या स्क्रीनवर सगळी पानं सरकवता येतात, येऊ देत, पण ती मान का वाकवली हे हातभर स्क्रीनवर कळत नाही.

म्हणून काही लायब्ऱ्या ठरलेल्या दिवशी पेटी उघडतात आणि पान उलटतात. चित्रं आहेत ४३५. आठवड्याला एक धरलं तर फ्लेमिंगोची पाळी पुन्हा यायला आठ वर्षं.