मायटर सॉ: स्लायडिंग घ्यावा की साधा?

मंडळी, टिंबर मार्केटातून माल उचलणारे आणि स्वतःच्या हातानं काम करणारे तुम्ही सगळे, म्हणून थेट मुद्द्याला हात घालतो. मायटर सॉ म्हणजे लाकडाची पट्टी हव्या त्या कोनात आडवी कापणारं, गोल पात्याचं मशीन. साध्या मायटर सॉमध्ये पातं एका जागी खाली उतरतं. स्लायडिंगमध्ये ते रॉडवरून पुढंमागं सरकतं, म्हणून रुंद फळी कापता येते. १० इंची साध्या मशीनवर सरळ काप पाच-साडेपाच इंचांपर्यंत जातो, १० इंची स्लायडिंगवर बारा इंचांच्या आसपास. ४५ अंशाला वळवलं की ही रुंदी ०.७ पटच उरते, हे दुकानात जाण्याआधी डोक्यात ठेवा.

माझं ठाम मत आहे की फ्रेम आणि बिडिंगचं (कडेला लावायच्या बारीक पट्ट्यांचं) काम करणाऱ्यानं आधी साधं मशीन घ्यावं. का, ते सांगतो. एका फ्रेमला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला, तर तीन कोपरे दाबून बसवल्यावर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उघडी पडते. दोन इंची पट्टीवर ती जवळजवळ ५ मिलिमीटर भरते. तिथं लांबी (पुट्टी) भरून भागत नाही हो, गिऱ्हाइकाला ती लांबूनही दिसते. स्लायडिंगच्या रॉडमध्ये थोडा जरी खेळ, म्हणजे सैलपणा, असला, तरी पातं बाजूला झुकतं आणि काप तिरका जातो. साध्यात ही भानगडच नाही.

माझ्या शेडमध्ये स्लायडिंग आणलं तेव्हा भिंतीपाशीच्या टेबलावर ठेवलं. मुंडकं, म्हणजे पातं आणि मोटर असलेला वरचा भाग, मागं ढकललं, तर रॉड भिंतीला टेकले. टेबल फूटभर पुढं ओढावं लागलं आणि सहा फुटी पट्टी फिरवायची जागाच गेली. त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी रॉड कोरड्या फडक्यानं पुसावे लागतात. तेल मात्र थापू नका, त्यावर भुसा चिकटून रॉड अडकतो.

पायऱ्या, शेल्फ, देवघराच्या फळ्या अशी दहा-अकरा इंची कामं रोज असतील, तर स्लायडिंगच घ्या. महिन्यातून दोन फळ्या असतील, तर साध्यावर एका बाजूनं कापून फळी उलटवा. गुण्यानं (काटकोन मापायच्या पट्टीनं) चारी बाजूंनी रेघ मारली असेल, तर काप जुळतो. आठ बाय चारची प्लायची शीट या दोन्हींवर उतरत नाही, ते वेगळं काम.

स्लायडिंग घेणारच असाल, तर दुकानात मशीन बंद ठेवून मुंडकं पूर्ण पुढं ओढा आणि हँडल हलकेच डावी-उजवीकडं दाबून बघा. पात्याचा दात हलताना दिसला, तर दुसरं मशीन काढायला सांगा. आणि कापताना आधी मुंडकं आपल्याकडं ओढायचं, मग पातं सुरू करून खाली उतरवायचं आणि मागं ढकलत कापायचं. आपल्याकडं ओढत कापलं, तर पातं लाकडावर चढून अंगावर येतं.