ट्रॉलीचा हूक

श्रोतेहो, नमस्कार. घरात कुणी पोळ्या लाटत असेल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. माझं निम्मं भाषण त्यांना आधीच येतंय.

धातूला आकार द्यायच्या वाटा मोजक्या. वितळवून साच्यात ओता, नाहीतर लेथवर धरून नको तेवढा कापून टाका, म्हणजे खाली किसाचा ढीग. आज मी बोलणार आहे दाबण्याबद्दल. वितळवायचं नाही, कापायचं नाही. घट्ट आहे तसाच धातू दाबायचा.

पोळीच्या जागी लालभडक पोलादाचा ठोकळा आणि एकाऐवजी दोन लाटणी, एक वर, एक खाली. झालं रोलिंग. भिलाईला असेच रेल्वेचे रूळ निघतात, एकेक रूळ सलग १३० मीटर! चकलीचा सोऱ्या तर तुमच्याकडे आहेच. ॲल्युमिनियमचा गरम ठोकळा असाच साच्यातून रेटला की सरकत्या खिडकीची पट्टी बाहेर येते. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९७ साली शिशाचे पाइप असे काढायचं पेटंट घेतलं होतं. सोऱ्या मात्र पितळेचाच घ्यावा हो. हल्लीचे ते विजेवरचे साचे मला पटत नाहीत. हाताला पिठाचा जोर कळायला हवा.

आणि तार? तार ओढायची. ८ मिलिमीटरची तांब्याची कांडी लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत २ मिलिमीटरवर आणली, की एका मीटरचे १६ मीटर होतात. धातू तेवढाच. पण थंड ओढली की ती कडक होत जाते. मधे तापवून मऊ केली नाही तर तुटते. गरम पोलादाला ही अडचण नाही, ते दाबतानाच आतून पुन्हा मऊ होत राहतं. म्हणून फोर्जिंगला पोलाद १२०० अंशांच्या आसपास तापवतात.

फोर्जिंग म्हणजे ठोकून घडवणं. इथे मला माझी फजिती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९८३ चा गळीत हंगाम. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे जगातलं सगळं येत होतं. काकांच्या ट्रॅक्टरचा हूक झिजला होता. काका म्हणाले, लोहारमामांकडून करून आण. मी म्हटलं, घण कसले मारत बसताय! पुठ्ठ्यावर झकास आकार काढला, २५ मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधून गॅसने कापून घेतला, कडा घासल्या, लाल रंग दिला. काकूने त्याला हळदकुंकू लावलं.

चौथ्या खेपेला ओढ्याच्या चढावर दोन ट्रॉल्या उसाने भरलेल्या, आणि कडाड्! हूक तुटला. ट्रॉल्या मागे सरकत सरकत बांधाला टेकल्या. मागे कुणी नव्हतं म्हणून बरं. अख्खा गाव ऊस खात उभा, आणि मी तुटका तुकडा हातात घेऊन.

काका काही बोलले नाहीत. तो तुकडा त्यांनी नेऊन लोहारमामांच्या ऐरणीवर ठेवला. मामांनी तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग एक ऊस उचलला, कोयत्याने त्याची आडवी चकती काढली आणि माझ्या हातात दिली. "मोड." बोटाने मोडली. मग उभी चिरफळी काढली. "आता ही मोड." वाकली, पिळली, मोडेना.

"तुझा हूक चकतीचा हाय," मामा म्हणाले.

श्रोतेहो, हे नीट ऐका. लाटलेल्या पोलादाला आतून रेषा असतात, लाकडाला असतात तशा. मी प्लेट कापली तेव्हा हुकाच्या वळणावर त्या रेषा आडव्या तुटल्या. भरीला गॅसने आतल्या वळणावर बारीक खाच ठेवली होती, ती माझ्या रंगाखाली दडली. सळई वाकवून ठोकली की रेषा वळणाबरोबर वळतात, तुटत नाहीत. परत सांगतो: कापलं की रेषा तुटतात, ठोकलं की वळतात. मोटारीचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला वळणावळणाचा फिरता दांडा, फोर्ज करतात त्याचं हेच एक मोठं कारण.

मामांनी मला घणावर उभं केलं. सांडशीत सळई त्यांच्या हातात, छोट्या हातोडीने ते जागा दाखवायचे, टक्, आणि मी तिथेच घण घालायचा. प्रत्येक घावाला काळी खपली उडायची. "पिवळं हाय तंवर मार. लाल पडलं की थांब." लाल पडलेल्यावर मी एक जादा घाव घातला, घण असा उसळला की खांदा आठवडाभर दुखत होता. (तंत्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षाला सगळ्या मुलांच्या हाती दोन दिवस घण द्यावा, असं माझं जुनं मत आहे. कुणी ऐकत नाही.)

पुढे एकतीस वर्षं मी फोर्जिंगच्या कारखान्यात काढली. तिथला हॅमर पडला की चहाच्या कपात लाटा उठायच्या. पण घाव कुठल्या रंगावर घालायचा, हे मी त्या भट्टीपाशीच शिकलो.

तो ट्रॅक्टर गेला, ट्रॉल्या विकल्या. हूक गोठ्याच्या तुळईला टांगलाय. काकू त्याला तराजू अडकवून कापूस जोखते. नमस्कार.