भार मागच्या चाकावर

[पहाट. पोदेराची सायकल, कॅमेरा जमिनीलगत.]

पों पों ऐकू आलं की दारात कोण आलंय, हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. आज भोंगा राहू द्या, मागचं चाक बघा. कॅरिअरवर टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, पुढे पोदेर, म्हणजे आपला पाववाला. पाव वजनाला हलका, कबूल. पण असल्याच सायकलींना बांधून भरलेले गॅस सिलिंडर घरोघर जायचे, एकेक जवळपास ३० किलोंचा. तेव्हा कुणी विचारलं नाही, सायकलीला झेपेल का म्हणून.

माणसाला मात्र विचारतात. पर्वरीचे हे काका, वजन ११५ किलो. दुकानात गेले की सल्ला ठरलेला: आधी थोडं वजन उतरवा, मग सायकल घ्या. उलटी गंगा!

[माहितीपत्रकावर काकांचं बोट.]

साध्या सायकलींना बऱ्याच कंपन्या १०० ते १२० किलोंच्या आसपास मर्यादा घालतात. त्यात पाठीवरची बॅग आणि बाजाराची पिशवीही आली. आकडा बारीक अक्षरात असतो. पैसे मोजण्याआधी तो वाचून घ्यायचा.

[म्हापसा. दुरुस्तीचं दुकान. फिरणारं चाक.]

इथे जरा थांबू. बसलेल्या माणसाचा निम्म्याहून जास्त भार मागच्या चाकावर येतो. चाक फिरताना जमिनीकडचे आरे क्षणभर सैल पडतात, वर गेले की पुन्हा ताणतात. प्रत्येक फेऱ्याला हेच. आरा सहसा मधोमध तुटत नाही, हबपाशी, म्हणजे चाकाच्या आसाजवळ, जिथे तो वाकवलेला असतो तिथे तुटतो. आणि मुळात ढिला असलेला आधी जातो.

म्हणून मिस्त्रींचा हात बघा. टायर उतरवलाय. रिमला जेमतेम लागेल असा खडू धरलाय. चाक फिरवलं, रेघ उमटली: तिथे रिम खडूच्या बाजूला कललीय. मग पलीकडच्या बाजूच्या आऱ्यांचं निपल, म्हणजे रिमपाशी आरा धरणारं छोटं नट, पाव आटा आवळायचं, अलीकडचं तेवढंच सोडायचं, की पुन्हा फेरा. पुन्हा खडू. अधूनमधून दोन-दोन आरे मुठीत दाबून ताण बघायचा. बोटानं छेडले तर एका बाजूचे सगळे आरे साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत. गिअरच्या बाजूचा सूर चढा, कारण तिकडचे आरे जास्त ताणलेले असतात.

कारखान्यातून आलेलं चाक असं बसून कुणी ताणत नाही, निदान स्वस्त सायकलीचं तरी नाही. घेतानाच दुकानदाराला सांगा, आधी आऊट काढून द्या, म्हणजे चाक असं सरळ करून द्या. ३२ आरे चालतात, ३६ असले तर बरं. जुन्या काळ्या सायकलींना मागे ४० असत, उगाच नव्हे. रिम दुहेरी भिंतीची हवी.

[टायर, सीट, चिमटा: झपाझप.]

टायर रुंद घ्या, २६ बाय १.९५ किंवा त्याहून जाड. हवा कडेवर लिहिलेल्या मर्यादेत, पण वरच्या अंगाला. कमी हवेत खड्डा आला की ट्यूब रिमखाली चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. स्वस्त शॉकअप नकोच. जड माणसाखाली तो दबून बसतो आणि पायडल मारायची ताकद खातो. पुढचं चाक धरणारा साधा लोखंडी चिमटा बरा.

सीट काकांनी तीन वेळा बदलली, तिन्ही वेळा गुबगुबीत. गुबगुबीत गादी थोडा वेळ बरी वाटते, मग घासते. बुडाची दोन हाडं नीट टेकतील एवढी रुंद आणि जरा घट्ट सीट लागते. हँडल उंच घेतलं की मनगटांवरचा भार उतरतो, मांडी वर आली तरी पोटाला अडत नाही. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ झाला, म्हणजे सीटची उंची बरोबर.

[पणजी–रायबंदर बांध. काका, समोरून.]

सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी घातलेला हा बांध, ३ किलोमीटरच्या आसपास, अगदी सपाट. सुरुवात करायला यापेक्षा चांगला रस्ता नाही.

उतारावर जड सायकल थांबायला जास्त अंतर घेते, ब्रेक उत्तम हवेत.

खाऱ्या वाऱ्यानं निपल गंजतं, मग आटा फिरत नाही. पावसाआधी प्रत्येकाला तेलाचा थेंब. आणि नवी सायकल महिन्याभरात मिस्त्रींकडे परत न्यायची, नवे आरे बसतात आणि ढिले होतात. काकांचा नंबर येत्या शनिवारी आहे.