साडेपाचची खुर्ची

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक लागली की आपल्या इंदुरात ओट्याओट्यांवर मतदान यंत्राची उलटतपासणी सुरू होते. चिप, सॉफ्टवेअर, काय नि काय. मला विचाराल तर आधी एवढंच विचारा: पहाटे साडेपाचला मतदान केंद्रात तुमच्या उमेदवाराचा एजंट होता का?

मतदान सातला असेल तर दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी. एजंटांदेखत 'नोटा'सकट ('यापैकी कोणीही नाही') प्रत्येक बटण दाबून किमान 50 मतं टाकायची. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं: मतदान बंद, निकाल बघायचा, चाचणीची मतं पुसायची. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या निकालाशी ताडायच्या, पाठीवर शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात बंद करायच्या, पेटी रिकामी झाली हे दाखवायचं. नंतर यंत्राला लावायच्या हिरव्या कागदी सीलवर एजंटाची सही. शहाणा एजंट सीलचा क्रमांक वहीत टिपतो. कोणी आलंच नाही तर पीठासीन अधिकारी, म्हणजे केंद्राचा प्रमुख, पंधरा मिनिटं वाट बघतो आणि काम पुढे रेटतो. आपले एजंट पुष्कळदा पोहे-जिलबी हाणूनच उगवतात, आणि निकालाच्या दिवशी यंत्रावर खापर फोडायला मात्र पहिले!

संध्याकाळी हाच प्रकार. फॉर्म 17 सी मध्ये यंत्रात किती मतं पडली ते लिहिलेलं असतं, यंत्राचा नि सीलचा क्रमांकही असतो. त्याची सहीची प्रत एजंटाला मिळते. नेहरू स्टेडियमवर मतमोजणीच्या टेबलाशी हा कागद हातात असला की यंत्रावरची बेरीज तिथल्या तिथे पडताळता येते. नसला, तर नुसता आरडाओरडा.

2024 ची लोकसभा निवडणूक आठवा. काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि इंदुरात 'नोटा'ला 2,18,674 मतं पडली. 'नोटा'चा कुठे एजंट असतो? ती मतं राखली सरकारी कर्मचाऱ्यांनी आणि दुसऱ्यांसाठी बसलेल्या माणसांनी. कंट्रोल युनिटचं, म्हणजे यंत्राच्या अधिकाऱ्याजवळच्या भागाचं, टोटल बटण दाबून दिवसभर किती मतं झाली तेवढं बघता येतं, कोणाला किती हे नाही; म्हणून ही राखण कोणाच्याही माणसाला करता येते.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणी एजंट व्हायला सांगितलं तर गजर साडेचारचा लावा. मतदार यादी घ्या, पेन घ्या. आणि तोतया मतदारावर हरकत घ्यायची तर दोन रुपये भरावे लागतात. सुटे ठेवा, तिथे मोड मिळत नाही.