समुद्र दुभंगतो तेव्हा पियानो

श्रोतेहो, नमस्कार.

'द टेन कमांडमेंट्स' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो १९५६ चा रंगीत, बोलणारा चित्रपट. मी बोलणार आहे त्याच दिग्दर्शकाच्या, सेसिल बी. डिमिल यांच्या, १९२३ सालच्या त्याच नावाच्या मूकपटाबद्दल, आणि सभागृहात बसून त्याला साथ करणाऱ्या पियानोवादकाबद्दल. समोर स्वरलिपी नाही. पडद्याकडे बघायचं आणि त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. पुन्हा सांगतो, समोर कागद नाही.

गोष्ट बायबलमधली. गुलामीतून सुटलेले लोक, त्यांचा नेता मोझेस, मागे फारोचे म्हणजे इजिप्तच्या राजाचे रथ, पुढे समुद्र. तो दुभंगायचा कसा? रॉय पॉमरॉय या तंत्रज्ञाने घेतली जेली! हो, आपण मुलांच्या वाढदिवसाला करतो तीच. जेलीची लादी मधोमध चिरली, तिला उष्णता दिली, ती वितळून मिटत गेली आणि ते चित्रण उलटं चालवलं. पाणी दुभंगलं! चालणाऱ्या माणसांचं चित्रण वेगळं, ते त्यात बेमालूम बसवलं. हे सगळं मला पाठ होतं, तरीही पियानोच्या साथीत तो प्रसंग पाहिला तेव्हा अंगावर सरसरून काटा आला.

रथ धावत होते तोवर वादकाचा डावा हात खर्जात नुसता दौडत होता. मोझेसने हात उचलले. मला वाटलं, आता हा दणकून वाजवणार. त्याने दणका दिलाच नाही. खर्जातला एकच सूर धरला, पेडल दाबून घुमू दिला. लोकांनी त्या वाटेवर पाऊल टाकलं, तेव्हा कुठे वरच्या सप्तकात चार सुरांची साधी चाल आली. पुढे पाणी मिटलं, रथ बुडाले, आणि तीच चाल परत आली, पण अडखळत, मध्येच सूर गाळत. बुडणारीही माणसंच होती, हे मला त्या गाळलेल्या सुरांनी सांगितलं.

आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकर असे लावतात की शेजारच्याशी बोलता येत नाही. आवाज वाढवला की आनंद वाढतो, हे मला कधीच पटलेलं नाही. असो.

त्या काळी मोठ्या थिएटरांत वाद्यवृंद असे, लहान गावात एकटा पियानोवाला. आपल्याकडे पेटी-तबला. गिरगावातल्या तंबूत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहताना दादासाहेब फाळक्यांना राम-कृष्ण दिसू लागले, हे तुम्ही जाणताच.

चित्रपटाचा दुसरा, मोठा भाग त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोत घडतो. दोन भाऊ, एक देवभीरू सुतार, दुसरा बेफिकीर ठेकेदार. चांगला वादक समुद्राच्या प्रसंगातली चाल इथेही हळूच आणतो. इंटरनेटवर मूकपटांना कसलंही तयार संगीत चिकटवतात, त्यात हे सापडणार नाही. तिथे मी सरळ आवाज बंद करतो.

असा खेळ तुमच्या गावात लागला, तर मधली खुर्ची धरू नका. वादकाचे हात दिसतील त्या बाजूला, शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसा. आणि समुद्राच्या वेळी एकदा तरी पडद्यावरून नजर काढून त्या हातांकडे बघा.

नमस्कार.